‘तीनशे पस्तीस’ : एका बियाण्याची वाटचाल

‘तीनशे पस्तीस’ हा आकडा कसला, असे विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. लातूर, हिंगोली, वाशीम, अकोला या बाजूंच्या खेड्यांत एक संपूर्ण पिढी हा आकडा बियाण्याच्या पोत्यावर वाचीत वाढली. मृगाचा पाऊस झाला की दुकानात जाऊन ‘तीनशे पस्तीस द्या’ एवढेच म्हणावे आणि दुकानदाराने सोयाबीनची पिशवी पुढे ठेवावी, असा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. पण या आकड्याच्या अगोदर ‘जेएस’ अशी जी दोन अक्षरे छापलेली असत, त्यांचा अर्थ फार थोड्यांनी विचारला असेल. ‘जेएस’ म्हणजे जवाहर सोयाबीन, आणि यातला ‘जवाहर’ म्हणजे जबलपूरचे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय. नर्मदेजवळच्या त्या शहरात तयार झालेले बी गोदावरीच्या खोऱ्यातील हजारो घरांचा वर्षाचा खर्च भागवू लागले. हे कसे घडले, ते बी पुढे का थकले, आणि आजचे जैवतंत्रज्ञान त्याच्या जागी काय देऊ शकते, याचा आपण थोडा विचार करू.

सोयाबीन मूळचे चीनकडचे. आपल्याकडे ते अगदीच अपरिचित होते असे मात्र नव्हे. कुमाऊँच्या डोंगरांत ‘भट’ या नावाने काळे सोयाबीन पूर्वीपासून होत असे, आणि मध्य भारतात ‘काळीतूर’ नावाची त्याची काळ्या दाण्याची जात लोकांना ठाऊक होती. १९३५ साली महात्मा गांधींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचा आहारात उपयोग करून पाहिला व त्याविषयी ‘हरिजन’मध्ये लिहिले. त्याच सुमारास, १९३६ मध्ये, बडोदे संस्थानातील एफ्. एस्. काळे यांनी सोयाबीनची लागवड आणि त्याचे आहारातील मूल्य यांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. ज्या दाण्यात शंभरातले सुमारे ४० भाग प्रथिने आणि २० भाग तेल आहे, त्याची थोरवी विचारवंतांना पटणे कठीण नव्हते. शेतकऱ्याला ती पटली नाही, आणि त्याची कारणेही सबळ होती. देशी जातींचे उत्पन्न कमी होते, डाळ लवकर शिजत नसे, तिला एक उग्र वास येई, आणि बाजारात गिऱ्हाईक नसे. केवळ गुणाने कोणतेही पीक शेतात शिरत नाही. त्याला जमीन, हंगाम आणि बाजार या तिघांची संमती लागते.

ही संमती मिळविण्याचे काम जबलपुरात झाले. राणी दुर्गावतीचा दिवाण आधारसिंह याच्या नावाने ओळखला जाणारा आधारताल नावाचा जुना तलाव त्या शहरात आहे. त्याच परिसरात ऑक्टोबर १९६४ मध्ये कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले. २ ऑक्टोबर रोजी त्याचे उद्घाटन श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. त्या वेळी त्या माहिती व नभोवाणी खात्याच्या मंत्री होत्या, ही गोष्ट नभोवाणीच्या श्रोत्यांना लक्षात ठेवण्याजोगी वाटेल.

जबलपूरच्या आसपासची जमीन काळी, भारी आणि चिकट. पावसाळ्यात तिच्यात पाय रोवणेही अवघड. म्हणून तेथील शेतकऱ्यांनी ‘हवेली’ नावाची एक पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालविली होती. शेताला चारी बाजूंनी उंच बांध घालायचा, पावसाचे पाणी खरीपभर शेतातच कोंडून ठेवायचे, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ते सोडून देऊन जिरलेल्या ओलीवर गहू, हरभरा, मसूर पेरायची. तणही बुडून मरे आणि रब्बीला पाणी द्यावे लागत नसे. पद्धत शहाणपणाची होती, पण तिच्यात खरीप रिकामा जाई. माळव्यातल्या काळ्या जमिनीही पुष्कळशा पावसाळ्यात अशाच पडीक राहत. वर्षातले चार महिने जमिनीला पीक नाही आणि देशाला तेल पुरत नाही, अशा स्थितीत रब्बीच्या आधी शंभर दिवसांत निघून जाणाऱ्या पिकाला जागा आयती तयार होती. सोयाबीन त्या जागी बसते काय, हा प्रश्न विश्वविद्यालयाने हाती घेतला. या कामी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे त्याला साहाय्य होते. उत्तरेत पंतनगरच्या कृषी विद्यापीठातही असेच काम चालू झाले, आणि १९६७ पासून सोयाबीनसाठी अखिल भारतीय समन्वित संशोधन योजना सुरू झाली.

अमेरिकेतले उत्तम बी आणून पेरले म्हणजे काम झाले, असे कोणास वाटेल. पण पहिलीच अडचण सूर्याने उभी केली. सोयाबीन हे रात्र मोजणारे झाड आहे. रात्र एका ठरावीक मर्यादेपेक्षा लांबली की ते वाढ आवरते आणि फुलावर येते. इलिनॉय चाळीस अंश अक्षांशावर आणि जबलपूर तेवीस अंशांवर. तिकडच्या उन्हाळ्यातला दिवस आपल्यापेक्षा बराच मोठा असतो. तिकडची उत्तरेकडील जात आपल्याकडे पेरली की तिला आपल्या रात्री आरंभापासूनच लांब वाटतात. वीतभर वाढते न वाढते तोच ती फुलते आणि मूठभर शेंगा देऊन संपते. त्यामुळे अमेरिकेच्या दक्षिण भागातील ब्रॅगसारख्या जाती आपल्याकडे अधिक जुळल्या.

दुसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी होती. सोयाबीनच्या मुळांवर गाठी येतात व त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात, हे आज सर्वांना ठाऊक आहे. परंतु हे जिवाणू हरभऱ्याचे वेगळे आणि सोयाबीनचे वेगळे. ज्या जमिनीत पूर्वी सोयाबीन झालेच नाही तेथे हा सोबती फारसा कोठून असणार? झाडे पिवळी पडत आणि उपटून पाहिले तर मुळे बोडकी. म्हणून बियाण्याला जिवाणूंचे संवर्धन चोळून पेरण्याची रीत घालावी लागली. गाठ काम करते की नाही हे कोणालाही पाहता येते. पीक फुलावर येण्याच्या सुमारास एक झाड मुळासकट हळूच काढावे आणि गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-तांबूस रंग दिसला तर गाठ जिवंत आहे. हा रंग आपल्या रक्ताला रंग देणाऱ्या द्रव्याच्याच जातीच्या एका द्रव्याचा असतो.

तिसरी अडचण बियाण्याच्या आयुष्याची, आणि ती आजही संपलेली नाही. काळीतुरीचा दाणा बारीक, टरफल घट्ट, म्हणून तो टिकाऊ. पण उत्पन्न थोडे. परदेशी जातींचा दाणा टपोरा व पिवळा, उत्पन्न अधिक, पण साल अतिशय पातळ आणि अंकुर अगदी सालीच्या खालीच. पोते आपटले, मळणीयंत्र जोरात फिरले, पावसाळी दमट हवा लागली, की अंकुर दुखावतो. दाणा वरून सोन्यासारखा दिसतो आणि जमिनीत गेल्यावर उगवत नाही.

या सर्व गुणदोषांचा मेळ घालणे म्हणजेच नवा वाण तयार करणे. सोयाबीनच्या फुलात परागीभवन फूल उमलण्यापूर्वीच उरकलेले असते. म्हणून संकर करणाऱ्याला चिमट्याने इवलीशी कळी उघडून तिच्यातले पुंकेसर काढावे लागतात व दुसऱ्या जातीचे पराग लावावे लागतात. अशा पुष्कळ कळ्या गळून पडतात, थोड्या धरतात. त्यांच्या बियांपासून पुढच्या पिढीत नाना तऱ्हेची झाडे निघतात. कोणी उंच, कोणी खुजे, कोणाच्या शेंगा तडकणाऱ्या, कोणी रोगट. त्यांतून निवडीत निवडीत सहा-सात पिढ्या गेल्या म्हणजे एकसारखी संतती मिळू लागते. मग ठिकठिकाणी चाचण्या होतात. एका वाणामागे साधारणतः दहा-बारा वर्षे सहज जातात. जबलपूरला जेएस ७८-७७ आणि जेएस ७१-०५ या दोन वाणांच्या संकरातून अशाच रीतीने जेएस ३३५ निर्माण झाले, आणि १९९४ मध्ये ते शेतकऱ्यांच्या हाती आले.

त्याचे गुण साधे होते, पण एकत्र होते. सुमारे शंभर दिवसांत ते तयार होई, म्हणजे रब्बीची वाट मोकळी राही. दाणा मध्यम असल्याने उगवण बरी. शेंगा लवकर तडकत नसत, म्हणून काढणीला दोन दिवस उशीर झाला तरी माल शेतात सांडत नसे. शिवाय हलक्या व भारी दोन्ही जमिनींत ते निभावून नेई. तोपर्यंत तेल काढणारे कारखाने आणि पेंडीची निर्यात यांमुळे बाजारही उभा राहिला होता. ज्वारी, मूग, उडीद आणि काही ठिकाणी कापूस मागे सरला आणि सोयाबीन पुढे आले. १९७०-७१ च्या सुमारास साऱ्या देशात सोयाबीनखाली तीस-बत्तीस हजार हेक्टर जमीन होती. आज ती सव्वा कोटी हेक्टरांच्या आसपास आहे, आणि तिचा फार मोठा हिस्सा मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोनच राज्यांत आहे.

पण एकाच वाणाने एवढी भूमी व्यापावी, यातच एक धोका असतो. जेएस ३३५ पिवळ्या मोझॅकपुढे दुबळे होते. हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. शेजारचे शेत, त्याच्या शेजारचे शेत, सारा शिवार जर एकाच रक्ताचा असेल, तर रोगाला कोठे थांबावे लागत नाही. शिवाय पाऊस आता पूर्वीच्या वेळापत्रकाने येत नाही. दाणे भरण्याच्या वेळी उघडीप आणि काढणीच्या वेळी झड, असे वारंवार घडू लागले. म्हणून जबलपूरनेच पुढे लवकर निघणारे जेएस ९३-०५, त्याहूनही लवकर येणारे जेएस ९५-६० आणि मोझॅकला बऱ्याच अंशी तोंड देणारे जेएस ९७-५२ असे वाण दिले. महाराष्ट्रात परभणीच्या कृषी विद्यापीठाने एमएयूएस ७१, १५८, ६१२ असे वाण काढले. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथील केंद्राने तांब्याला दाद न देणारे ‘फुले संगम’ दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची एमएसीएस ही मालिकाही याच कामातली. ‘तीनशे पस्तीस’ची जागा आता अशा अनेकांनी वाटून घेतली आहे, आणि ती तशी वाटली जाणे शेतकऱ्याच्या हिताचेच आहे.

आता जैवतंत्रज्ञानाकडे वळू. हा शब्द उच्चारताच पुष्कळांच्या मनात एकदम भीती किंवा एकदम भुरळ उभी राहते. वस्तुतः या एका नावाखाली निरनिराळी साधने आहेत, आणि ती वेगळी ओळखली पाहिजेत.

पहिले साधन खुणेचे. झाडाच्या प्रत्येक पेशीत त्याच्या गुणांची लेखी वही असते. २०१० साली सोयाबीनची ही वही प्रथम साकल्याने वाचली गेली, तेव्हा तिच्यात सुमारे ४६ हजार जनुके असावीत असे अनुमान निघाले. हवा असलेला गुण वहीच्या कोणत्या पानाजवळ आहे हे कळले, की त्या पानावरची खूण शोधता येते. रोपाला दोन पाने फुटली असतानाच पानाचा तुकडा तपासून गुण उतरला की नाही हे सांगता येते. फूल, शेंग, दाणा यांची वाट पाहावी लागत नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा करणारे एक प्रथिन असते, म्हणूनच ते चांगले उकळल्याशिवाय खाऊ नये असे सांगतात. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने जबलपूरचे जेएस ९७-५२ घेतले, ते प्रथिन नसलेल्या एका जातीशी त्याचा संकर केला, आणि खुणा पाहत पाहत पुनःपुन्हा जबलपूरच्या वाणाशीच संकर करून एनआरसी १२७ हा वाण मिळविला. परका म्हणून त्यात काही नाही. सोयाबीनचाच गुण सोयाबीनमध्ये आला आहे, फक्त शोध डोळस झाला आहे.

दुसरे साधन वहीतला एखादा शब्द जागच्या जागी दुरुस्त करण्याचे. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने अशा रीतीने सुधारलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. तिसरे साधन दुसऱ्याच जीवाचे जनुक आणून बसविण्याचे. २००२ पासून आपल्याकडे लागवडीस परवानगी असलेला बीटी कापूस हे त्याचे उदाहरण. अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना या देशांत तणनाशक सहन करणारे असे सोयाबीन फार मोठ्या प्रमाणावर पेरतात. भारतात सोयाबीनच्या अशा वाणाला लागवडीची परवानगी नाही. या देशांचा अनुभव दोन्ही बाजूंनी बोलतो. खुरपणीचा खर्च व कष्ट वाचले, हे खरे. एकच तणनाशक वर्षानुवर्षे फवारल्याने त्याला न जुमानणारी तणे अमेरिकेत माजली, हेही तितकेच खरे. जबलपुरात १९८९ पासून तणांच्या संशोधनाची एक स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे. आंतरपीक, वेळेवर कोळपणी, पेरणीची रीत आणि गरजेपुरते औषध अशा अनेक उपायांची जोड घातली तरच तण आटोक्यात राहते, ही तिच्या क्षेत्रातील सर्वमान्य शिकवण आहे. एकाच वाणावर विसंबण्याचा जो धोका, तोच एकाच औषधावर विसंबण्याचा.

शिवाय बी कितीही सुधारले तरी त्याला शेवटी मातीतच जगावयाचे असते. जबलपूरच्या विश्वविद्यालयात १९७२ पासून काळ्या जमिनीच्या एकाच तुकड्यावर सोयाबीन आणि गहू आळीपाळीने घेण्याचा प्रयोग चालू झाला. कोणत्या वाफ्याला कोणते खत, हे वर्षानुवर्षे तसेच ठेवलेले. दीर्घकाळ पाहिल्यावर दिसले ते असे. ज्या वाफ्यांना नुसते नत्र दिले ते मागे पडले. नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही प्रमाणात मिळालेले पुढे गेले. आणि त्यांना शेणखताची जोड मिळालेल्या वाफ्यांत उत्पन्नही सर्वांत चांगले आणि मातीतला सेंद्रिय अंशही वाढलेला. प्रयोगशाळेतले कोणतेही जनुक या हिशेबातून जमिनीला सोडवू शकलेले नाही.

आता शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही, अशा हजारो तक्रारी आल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही त्यांची दखल घेतली. दुबार पेरणी म्हणजे बी, खत, मजुरी सारे दुप्पट, आणि हंगाम पंधरा दिवस मागे. लहान शेतकऱ्याच्या घरी त्याचा अर्थ सावकाराचे दार असा होतो. त्या आपत्तीत दोष कोणाचा किती, हा वाद वेगळा. पण आदल्या वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबरात, काढणीच्या वेळी झालेल्या पावसाने बी भिजले होते व त्याची उगवणशक्ती खालावली होती, हे त्यातले एक मोठे कारण होते. पातळ सालीखालचा तो नाजूक अंकुर आपली जुनी आठवण करून देऊन गेला.

यावरचा उपाय मात्र प्रत्येक घरात होऊ शकतो. सोयाबीन स्वपरागी पीक असल्याने शेतकऱ्याला दरवर्षी नवे बी घेणे भाग नाही. चांगले प्रमाणित बी एकदा आणून त्यापासूनचे निवडक बी पुढची दोन-तीन वर्षे वापरता येते. स्वतःच्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिलेला आहे. एवढेच की छापील नाममुद्रेखाली ते विकता येत नाही. बियाण्यासाठीच्या मालाची मळणी कमी गतीने करावी, बी चांगले वाळवावे, पोती आदळू नयेत व चार-पाचपेक्षा अधिक एकावर एक रचू नयेत. पेरणीपूर्वी पोत्यातले शंभर दाणे न निवडता मोजून घ्यावेत, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करून ठेवावी, पाणी शिंपडीत राहावे, आणि पाच-सहा दिवसांनी निरोगी कोंब मोजावेत. सत्तर कोंब निघाले तर एकरी तीस किलो बी पुरते. सत्तराच्या खाली जितके कमी, तितका प्रत्येकी अर्धा किलो वाढवावा. साठाच्याही खाली गेले तर ते बी पेरूच नये. आणि पाऊस पुरता, म्हणजे पाऊणशे ते शंभर मिलिमीटर, झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये. तिफणीने बी चार सेंटिमीटरांहून खोल जाऊ देऊ नये.

जबलपूरच्या या बियाण्याची कथा लक्षात घेतली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. कोणताही वाण कायमचा नसतो. काळीतूर गेली, ब्रॅग आली. ब्रॅग मागे पडली, तीनशे पस्तीस आले. आज त्यालाही वारस आले आहेत, आणि त्या वारसांनाही एक दिवस जागा सोडावी लागेल. जैवतंत्रज्ञानाने ही पिढ्यांची अदलाबदल जलद केली आहे. पण नवा वाण आपल्या शिवारात टिकतो की नाही हे ठरविणारा शेवटचा परीक्षक शेतकरीच राहतो. त्याच्या हातातली ओल्या गोणपाटाची गुंडाळी आणि संशोधकाच्या हातातला पानाचा तुकडा ही एकाच कामाची दोन टोके आहेत. येत्या मृगापूर्वी घरातल्या पोत्यातले शंभर दाणे ज्याने मोजून पाहिले, त्याने त्या कामातला आपला वाटा उचलला असे समजावे.